मनाली-लेह सायकल मोहीम: ठाण्यातून निघताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

ठाणे-नवी मुंबईतले सायकलवाले मनाली-लेहची तयारी बहुतेक एकाच पद्धतीने करतात. पाम बीच रोडवर सरासरी वेग वाढवायचा, रोज सकाळी उपवनवरून येऊर चढायचं आणि आयोजकाचे पैसे भरून मोकळं व्हायचं. पाय तयार होतात, नाही असं नाही. पण तिकडे माणूस पाय थकले म्हणून गाडीत बसत नाही. डोकं फुटायला लागतं, जेवण जात नाही, रात्रभर झोप लागत नाही, नाहीतर सायकलचा दोनशे रुपयांचा सुटा भाग मोडतो, म्हणून बसतो. आणि यातलं बरंचसं निघण्याआधी किंवा पहिल्या चार-पाच दिवसांत ठरून गेलेलं असतं.

सोबत मार्गदर्शक, मेकॅनिक आणि सामानाची गाडी असलेल्या मोहिमेसाठी हा लेख आहे. स्वतःचं सामान सायकलवर लादून एकट्याने जायचं असेल, तर हिशेब वेगळा.

टप्पा १: पैसे भरण्याआधी मुक्कामांची यादी मागवा

आयोजकाच्या पत्रकात रोजचे किलोमीटर असतात, खिंडींची नावं असतात, निळ्या आकाशाचे फोटो असतात. तुम्हाला हवी ती माहिती वेगळीच: प्रत्येक रात्री किती उंचीवर झोपायचं?

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. दिवसा खिंड चढून उतरलात तर चालतं. मोजायची ती रात्रीची उंची.

आता यादी तपासा. मनाली २,०५० मीटर, जिस्पा साधारण ३,२००, झिंगझिंगबार ४,२००, सारचू ४,३००. जिस्पाहून उठून थेट झिंगझिंगबारला झोपायला नेणारा कार्यक्रम एका दिवसात हजार मीटरची उडी मारतो. सुट्टीचा एक दिवस वाचतो म्हणून बरेच जण तसाच आखतात. ज्याच्या यादीत जिस्पाला दोन रात्री आहेत आणि मध्ये पटसेऊला (साधारण ३,८०० मीटर) एक मुक्काम आहे, तो आयोजक दोन पैसे जास्त घेत असला तरी त्याच्याकडे जा.

अटल बोगद्याचाही प्रश्न इथेच येतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या या बोगद्यामुळे रोहतांग खिंड टळते. मोटारीने जाणाऱ्यांची सोय झाली, पण सायकलवाल्याने रोहतांग (३,९७८ मीटर) चढूनच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उंचीची पहिली ओळख तिथेच होते, आणि तीही मागे मनालीचा दवाखाना असताना.

फोनवर एवढं विचारा:

- गाडीत ऑक्सिजनचं मोठं सिलिंडर आहे का, आणि ते लावता कोणाला येतं? हातातला छोटा स्प्रेचा डबा याला उत्तर होत नाही.
- मेकॅनिक वेगळा आहे की ड्रायव्हरच पंक्चर काढतो?
- सगळ्यात मागच्या सायकलस्वारासोबत कोण असतं?
- रस्ता बंद झाला तर हाताशी किती दिवस मोकळे आहेत?
- ‘तू आज चढायचं नाहीस’ हा निर्णय कोणाचा?

शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे सगळे पूर्ण करतात’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

> तपासा: विमा घेताना साहसी खेळ, तुमच्या मार्गातली सर्वाधिक उंची आणि तिथून हलवण्याचा खर्च, या तिन्ही गोष्टी पॉलिसीत छापलेल्या हव्यात. एजंटचं तोंडी ‘हो’ चालणार नाही.

टप्पा २: तारखा

रस्ता साधारण जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालू असतो. जूनमध्ये खिंडींत बर्फाच्या भिंती आणि नाल्यांना भरपूर पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये मनाली ते रोहतांग पट्ट्यात पावसाळा आणि दरडी. रोहतांग ओलांडला की पावसाचा जोर ओसरतो, पलीकडे कोरडा प्रदेश. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य मला सर्वांत बरा वाटतो, कारण नाले उतरलेले असतात. अडचण एकच. नेमके तेव्हाच घरी गणपती. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी जुलै धरावा आणि हाताशी दोन मोकळे दिवस जास्त ठेवावेत.

टप्पा ३: डॉक्टर, आणि तेही वेळेवर

निघण्याच्या आठवडाभर आधी फिटनेस सर्टिफिकेटवर सही घेणं म्हणजे तपासणी नव्हे. किमान तीन महिने आधी जा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, ईसीजी. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर स्ट्रेस टेस्ट. हिमोग्लोबिन कमी निघालं तर ते भरून यायला वेळ लागतो, म्हणून ही घाई.

डायमॉक्सबद्दल डॉक्टरांशी इथेच बोलून घ्या. या गोळीने शरीर उंचीला लवकर सरावतं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवी होणं हे तिचे नेहमीचे परिणाम. ते पहिल्यांदा रोहतांगच्या वाटेवर मढीच्या तंबूत अनुभवण्यापेक्षा घरी, डॉक्टरांना विचारून, एक-दोन दिवस घेऊन बघा. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळायची मुभा मिळत नाही.

टप्पा ४: सराव, वेग विसरून

एक गोष्ट आधी मान्य करून टाकू. उंचीचा सराव ठाण्यात होत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. मनालीचा बाजारच त्याच्यापेक्षा चारशे मीटर वर आहे. तोंडाला मास्क बांधून येऊर चढल्याने फक्त मास्क ओला होतो.

तयार करता येते ती एकच गोष्ट: पाठोपाठ कित्येक दिवस, रोज सहा-सात तास, हळू पण न थांबता सायकल चालवायची सवय. मनाली-लेहचे चढ आपल्या घाटांइतके अंगावर येत नाहीत, कारण रस्ता ट्रकांसाठी बांधलेला आहे. पण ते संपत नाहीत. मनालीपासून रोहतांगचा माथा साधारण पन्नास किलोमीटर आणि जवळजवळ १,९०० मीटर वर. येऊरचा चढ पाय तापेपर्यंत संपतो.

पहिले दोन महिने आठवड्यात तीन दिवस तासभर आणि रविवारी तीन-चार तास. एवढं झाल्यावर शनिवार-रविवार जोडून घ्या. ठाण्याच्या लोकांनी कल्याण-मुरबाड-टोकावडे करत माळशेज घाट चढावा, वर मुक्काम करून रविवारी परतावं. नवी मुंबईकरांनी पनवेलहून जुन्या महामार्गाने खोपोली गाठावी, घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढावं, तिथून वळून खाली यावं आणि पुन्हा चढावं. एकच घाट तीनदा चढायचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याचाच सराव करायचा आहे. तीव्र चढ हवाच असेल तर नेरळहून माथेरानचा घाट आहे. तो जमला तर मनाली-लेहवरचा कुठलाही चढ गिअरच्या दृष्टीने जड जाणार नाही.

सराव करताना सगळ्यात हलक्या गिअरवर, ताशी सात-आठ किलोमीटरने, हँडल न हेलकावता सरळ रेषेत चालवून बघा. ऐकायला सोपं वाटतं. लेहच्या अलीकडची टांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) चढताना वेग याहून कमी होतो आणि शेजारून टँकर जात असतो. जोर किती लावायचा, याचं माप एकच: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की जोर जास्त झाला.

पावसाळ्यात घाटांत दरडी येतात, धबधब्यांवर गर्दी होते, काही ठिकाणी बंदीही असते. तेव्हा हट्ट करू नका. वीस मजली इमारतींची आपल्याकडे काही कमी नाही. पाठीवर पाच किलो घेऊन जिने चढा. पायांची ताकद त्यानेही टिकते. मुंब्रा बायपास मात्र कुठल्याच ऋतूत सरावाला धरू नका, आणि येऊरला पहाटेच्या अंधारात एकटे जाऊ नका. बिबट्याचा तो घरचा रस्ता आहे.

> तपासा: निघण्याच्या महिनाभर आधी सलग दोन दिवस रोज सहा तास चालवून तिसऱ्या दिवशी सकाळी तासभर सहज सायकल मारता आली, तर पाय तयार आहेत. शेवटचे दहा दिवस सराव निम्म्यावर आणा. त्या दिवसांत ‘राहिलेला’ सराव उरकायला जाऊन लोक सर्दी-खोकला घेऊन मनालीला पोचतात.

टप्पा ५: सायकल

आपली सायकल नेणार असाल तर आधी खाडीच्या हवेचा हिशेब घ्या. ठाणे-वाशीच्या दमट, खारट हवेत सीटपोस्ट, पेडल आणि बोल्ट धरून बसतात. मनालीत सायकल जोडताना ते हलत नाहीत आणि मग हातोडी निघते. निघण्याच्या महिनाभर आधी सगळं एकदा सोडवा, ग्रीस लावा, पुन्हा बसवा.

गिअर: पुढची सर्वांत लहान चक्री मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीपेक्षा लहान हवी. पुढे ३० आणि मागे ३६ दात ही मी किमान मर्यादा मानतो. पुढे एकच चक्री आणि मागे ५१ दातांपर्यंतची कॅसेट (चक्र्यांचा संच) असेल तर उत्तम. टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद. रेसिंग सायकलचे बारीक टायर झिंगझिंगबारच्या खडीत टिकत नाहीत.

मेकॅनिककडे ट्यूब, पॅच, चेन असतात. तुमच्याच सायकलला बसतील अशा गोष्टी तुम्हीच न्यायच्या: डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, ब्रेक पॅडचे दोन जोड, तुमच्या चाकाच्या मापाचे चार-पाच स्पोक, चेन जोडायची क्विक लिंक. यातला हँगर सर्वांत महत्त्वाचा. अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, आणि त्याच्याशिवाय गिअर चालत नाहीत. सारचूत तो कोणाकडेच मिळणार नाही.

खोक्यात भरायचा क्रम असा:

1. आधी सीटपोस्ट आणि हँडलच्या जागेवर रंगीत टेपने खूण करा.
2. पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडल सुटतात. एवढंच लक्षात ठेवा, डावं-उजवं घोकू नका.
3. मागचा डिरेलर सोडून फ्रेमच्या आत बांधा.
4. चाकं काढली की ब्रेक पॅडच्या मध्ये लगेच पुठ्ठ्याची जाड घडी घाला. हायड्रॉलिक ब्रेक असतील आणि खोकं उचलताना चुकून दांडी दाबली गेली, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मनालीतली पहिली संध्याकाळ त्यांना उचकटण्यात जाते.
5. टायरमधली हवा कमी करा, पूर्ण काढू नका.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. टायर भरायच्या सीओटूच्या नळकांड्यांवरून विमानतळावर वाद घालण्यापेक्षा हातपंप न्या. मनालीत टायरची हवा पुन्हा तपासा, आणि वर गेल्यावरही. समुद्रसपाटीवर भरलेला टायर पाच हजार मीटरवर, बाहेरचा दाब निम्म्यावर आल्यामुळे, सुमारे ७ पीएसआयने (पंपावरच्या दाबाच्या आकड्याने) जास्त कडक होतो. खडीत तो उसळतो.

टप्पा ६: सामान

कपड्यांच्या याद्या सगळीकडे मिळतात. मी फक्त विसरलं जातं तेवढं सांगतो. थंडीचे हातमोजे (बोटं झाकणारे), नाल्यांसाठी सँडल, ओठांचा बाम, नाक कोरडं पडू नये म्हणून थोडं व्हॅसलिन, आणि गॉगल. पोस्टपेड सिम घ्या. बाहेरची प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत. जिस्पाच्या पुढच्या दारच्यानंतर काही दिवस फोन लागेलच असं नाही, हे घरी सांगून ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा त्या जातीचं उपकरण परदेशातल्या कोणाकडून मागवू नका. आपल्या देशात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि त्यासाठी लोकांना अटक झालेली आहे.

खायला घरचं न्या. वर भूक मरते, आणि ज्याचं पोट बंद होतं त्याची सायकल दुसऱ्या दिवशी बंद पडते. रस्त्यावरच्या तंबूंमध्ये राजमा-भात, मॅगी, थुक्पा मिळतो. चौथ्या दिवशी त्याचा वासही नको होतो. तेव्हा मऊ भातावर मेतकूट आणि लिंबाचं लोणचं घशाखाली उतरतं. मेतकुटाची एक छोटी बरणी अख्ख्या गटाला पुरते. सायकलवर खायला चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. चिवड्याचा मात्र धाप लागलेली असताना घशात ठसका बसतो, तो संध्याकाळसाठी.

टप्पा ७: मनाली ते जिस्पा, मुद्दाम हळू

मनालीत दोन रात्री. पहिल्या दिवशी सायकल जोडा, दुसऱ्या दिवशी तासभर चालवून गिअर-ब्रेक तपासा. एवढंच.

मढीचा मुक्काम, रोहतांग, उतरून सिस्सू, मग तांडीवरून केलाँग आणि जिस्पा. इथे सगळ्यांनाच बरं वाटत असतं आणि इथेच घोळ होतो. मुंबईत एकमेकांची पाठ धरून चालवायची सवय, त्यात मोबाइलवर वेळ नोंदवायचा नाद. रोहतांगवर पहिला कोण, अशी न बोललेली शर्यत लागते. जो पहिला येतो तो सारचूत बहुतेक आडवा असतो.

पाणी दिवसभरात तीन-चार लिटर, त्यात ओआरएस. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की पुरे. उगाच बाटल्या रिचवल्या तर रक्तातलं मीठ घटून वेगळंच दुखणं सुरू होतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या लेहपर्यंत बंद.

माथ्यावर पोचलात की फोटोआधी जॅकेट घाला. घामाने ओलं अंग घेऊन उतरायला लागलात की दहा मिनिटांत बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी दाबा, वळणात सोडा. लष्कराचा ताफा दिसला की बाजूला थांबून तो पूर्ण जाऊ द्या.

टप्पा ८: बारालाचाच्या अलीकडचा निर्णय

सारचू हे दोन उंच खिंडींच्या मधलं पठार आहे. मागे बारालाचा ला (४,८९० मीटर), पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, नाकी ला आणि लाचुंग ला (५,००० च्या वर). सारचूत रात्री कोणाची तब्येत बिघडली तर त्याला खाली न्यायलाही आधी सहाशे मीटर वर न्यावं लागतं. म्हणून पुढे जायचं की नाही, हा निर्णय बारालाचाच्या अलीकडे, पटसेऊ-झिंगझिंगबारला झाला पाहिजे.

झिंगझिंगबारच्या संध्याकाळी प्रत्येकाला, मार्गदर्शकालाही, चार प्रश्न विचारा. डोकं दुखतंय का? जेवण गेलं का? काल झोप लागली का? चालताना तोल जातोय का? नुसती डोकेदुखी असेल तर पाणी, विश्रांती, हवं तर पॅरासिटामॉल, आणि सकाळी पुन्हा विचारा. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा कमालीचा थकवा असेल तर तो माणूस बरं वाटेपर्यंत वर जात नाही. वाढत गेलं तर खाली, जिस्पाला.

तोल तपासायची रीत सोपी आहे. तंबूबाहेर सपाट जागी बॅटरीच्या उजेडात एक दोरी पसरा. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं चालायला सांगा. पाऊल दोरीबाहेर पडलं, हात पसरावे लागले, तर मेंदूला सूज असू शकते. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, ओठ निळसर होणं ही फुप्फुसात पाणी होत असल्याची खूण. दोन्ही वेळी सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन लावा, गाडी काढा, खाली न्या. ऑक्सिजनने वेळ मिळतो. उपचार म्हणजे उंची कमी करणं.

> थांबा: बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा बघून धीर देऊ नका, घाबरवूही नका. गार बोटांवर तो काहीही दाखवतो. माणसाकडे बघा.

निघायचं पहाटे. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारनंतर वाढतं. झिंगझिंगबारजवळच्या एका नाल्याचं नावच ‘पागल नाला’ आहे. सकाळी घोट्याइतकं पाणी असतं ते संध्याकाळी सायकल ओढतं. सँडल घालून, सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला नाही तर खालच्या बाजूला धरून पार करा, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याने ती तुमच्या पायांवर येणार नाही.

टप्पा ९: सारचू ते लेह

गाटा लूप्स लांबून भीतिदायक दिसतात, पण चढ एकसारखा आहे. खरी परीक्षा लूप्स संपल्यानंतर. नाकी ला चढलात, उतरलात, की पुन्हा लाचुंग ला. एका दिवसात पांगपर्यंत रेटण्याऐवजी दोन खिंडींच्या मध्ये व्हिस्की नाल्याचा मुक्काम घेतात. पण तो पांगपेक्षाही उंच आहे. सारचूत झोप चांगली लागली असेल तरच तो घ्यावा.

पांगच्या पुढे मोरे मैदान. चाळीसेक किलोमीटर सपाट रस्ता, नकाशावर विश्रांतीचा दिवस. दुपारी समोरून वारा सुटला की तोच सर्वांत कष्टाचा होतो. अकरा वाजेपर्यंत मोठा पल्ला संपवा, आणि इथे मात्र एकमेकांची पाठ धरून चालवा. पाम बीचवर शिकलेलं इथे कामी येतं.

टांगलांग ला ५,३२८ मीटर. दर तासाला थांबा, दोन घास खा, चालू लागा. गाडीत बसावंसं वाटलं तर बसा. दहा किलोमीटर गाडीत बसलेला माणूस उरलेले शंभर किलोमीटर चालवतो. हट्टाने चढलेला खिंडीपलीकडच्या रुमत्से गावी पोचून ओकत बसतो. हे मी आयोजकांकडून अनेकदा ऐकलंय आणि मला पटतं.

टप्पा १०: खारदुंग ला आणि परतीचं खोकं

लेहला एक दिवस पूर्ण विश्रांती, मग खारदुंग ला. लेहपासून साधारण चाळीस किलोमीटर, अठराशे मीटरचा चढ. माथ्यावरच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं होतं. प्रत्यक्ष मोजणीत खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. पहाटे पाचला निघा आणि परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून वळायचं. माथ्यावर पंधरा-वीस मिनिटं पुरेत. फक्त हीच खिंड करायची म्हणून मुंबईहून विमानाने लेहला उतरून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढायला निघणाऱ्यांच्या नादी लागू नका. समुद्रसपाटीवरून थेट ३,५०० मीटरवर आलेल्या माणसाने पहिले दोन दिवस जिनासुद्धा सावकाश चढायचा असतो.

परतीचं खोकं भरताना क्रम तोच, फक्त आधी चेन आणि चाकांमधली वाळू पुसून काढा. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, म्हणून परतीच्या तिकिटानंतर ऑफिसची रजा एक दिवस जास्त टाका. सायकल विमानात नेता येणार नसेल तर ती रस्त्याने पाठवायची व्यवस्था आयोजकाकडून मनालीतच ठरवून घ्या. लेहला पोचल्यावर विचारलंत तर तो सांगेल तो भाव द्यावा लागतो.